बिनधुराची गाडी

१

बुरुलचा-अपाच्या शालीला जळक्या पेट्रोलचा वास येत होता.

आमच्याकडे मयताला आंघोळ घालणाऱ्या बायकांमध्ये त्या बाईचे कपडे वाटले जातात. पेटीतले आणि अंगावरचेही. त्या दिवशी आम्ही पाच जणी होतो. माझ्या वाट्याला राखाडी लोकरीची शाल आली. गेली तेव्हा अपाच्या खांद्यावर होती तीच. घरी आणून मी ती घडी करून ठेवून दिली, वापरायला मन होईना. पुढे एका पहाटे खोली फार गार होती म्हणून नमाजेला उभी राहताना अंगावर घेतली. कपाळ जमिनीला टेकलं, शाल तोंडावर आली आणि तो वास नाकात शिरला. कोळशाचा वास मी जन्मभर घेतला आहे. हा तो नव्हता. बाजाराबाहेर जुने ट्रक धडधडत उभे असतात, तिथला हा वास.

नमाज पुरी केली. नेहमीप्रमाणे जपमाळ हातात घेतली, पण बोटं मण्यांवरून पुढे सरकेनात.

अपाला मरण आलं ते तिच्या गाडीत, आणि गाडी विजेची. तिला धुराडं नाही, पेट्रोल ओतायला तोंडसुद्धा नाही. अपाच्या घरात पेट्रोलवर चालणारी दुसरी कुठलीही वस्तू नव्हती. मग हा धूर तिच्या शालीत कुठून आला?

तेव्हा मला तिचा चेहरा आठवला. अंगणात उभारलेल्या यूर्तमध्ये, लोकरी नमद्याच्या गोल तंबूत, आम्ही तिच्या तोंडावरचं फडकं काढलं, तर गाल गुलाबी. थंडीत खेळून आलेल्या पोरीसारखे. आमच्यातली एक म्हणाली, "नूर आलाय बघा. अशी माणसं सरळ जन्नतमध्ये जातात." बाकीच्या रडत रडत हो म्हणाल्या, मीही म्हणाले.

असे गाल मी त्याआधी एकदाच पाहिले होते. वरच्या गल्लीत दोन बहिणी एका सकाळी अंथरुणात मेलेल्या सापडल्या, त्यांना आंघोळ घालताना. त्या कोळशाच्या शेगडीच्या धुरानं गुदमरल्या होत्या.

२

अपाचं घर माझ्या घरासमोर. सगळी वस्तीच तिला अपा म्हणायची, म्हणजे आई. बिश्केकच्या कडेची आमची वस्ती. हिवाळ्यात वीज गेली की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. अपाच्या घरची सगळी ऊब विजेवरची. वीज गेली की घरचे लोखंडी शेगडीच्या एकाच खोलीत गोळा व्हायचे: लकव्यानं पडून असलेले तिचे यजमान जुमा-अता, सून आयजारकिन आणि नात आयपेरी, जी नुकती चालायला लागली होती. मुलगा एरमेक कोरियात कारखान्यात.

अपा मात्र उशी उचलून गॅरेजमध्ये जायची. सीट मागे पाडायची, पाठीखालची ऊब चालू करायची आणि पडल्या पडल्या स्क्रीनवर कुराणाचं पठण लावायची. "माझे गुडघे मला सांगतात कुठे झोपायचं ते," म्हणायची. गॅरेजचं दार घट्ट बंद असलं तरी कुणाला काळजी नसायची. विजेच्या गाडीला कसला आलाय धूर? आमच्या वस्तीत वीज नसलेल्या रात्री निम्मी म्हातारी माणसं अशीच गाड्यांमध्ये झोपतात.

गाडी चीनहून आलेली. आयजारकिन तिच्यातून वस्तीतल्या बायका-मुलांची ने-आण करायची आणि त्यावर घर चालायचं. तिलेक नावाच्या कारागिरानं स्क्रीनवरची भाषा बदलून दिली होती, पण आवाज काही त्याला बदलता आला नाही. चार्जिंगची केबल लावली की आतून एक चिनी बाई काहीतरी गोड बोलायची, काढली की पुन्हा बोलायची. एरवी गप्प. अपा दर वेळी तिला उत्तर द्यायची. "वालेकुम सलाम, बाई. या घरात मला विचारून काम करणारी तू एकटीच."

ती गेली त्या रात्रीही वीज नव्हती. सकाळी आयजारकिन चहाला उठवायला गेली, तेव्हा अपा गाडीत गेलेली होती. डॉक्टरनं हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. मेलेल्या माणसाला चिरायचं नाही, असं अतांचे धाकटे भाऊ सापर-अके म्हणाले आणि त्यावर कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी माती दिली.

सातव्या दिवसाच्या जेवणाला मात्र तेच सापर-अके सगळ्या पुरुषांसमोर म्हणाले, "हृदय आपोआप बंद पडत नाही. गाडीतली ऊब बंद केली की बाहेरच्या थंडीत म्हातारी बाई किती टिकणार? आणि आता त्यासाठी गाडीला हातही लावावा लागत नाही. फोनवर बोट फिरवलं की काम झालं."

या गाडीची ऊब घरातल्या दोनच फोनवरून चालू-बंद करता यायची. एक एरमेकचा, कोरियात. दुसरा आयजारकिनचा.

सगळ्यांनी अपाच्या मुलीकडे पाहिलं. गुलबारा थोरली; लग्न होऊन गल्लीच्या खालच्या टोकाला राहणारी. तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "अपाचं आणि केलिनचं पटत नव्हतं, एवढं मला माहीत आहे."

तेवढं पुरे झालं. आमच्यात सुनेला केलिन म्हणतात, आणि केलिनवर एकदा बोट रोखलं गेलं की ते खाली यायला वेळ लागतो. ठरलं असं, की चाळिसाव्याच्या जेवणाला आयजारकिनच्या बापाला बोलवायचं आणि मुलगी त्याच्या ताब्यात द्यायची. आयपेरी इथेच राहील, कारण ती आमचं रक्त. सरकारदरबारी गुन्हाच नोंदलेला नव्हता, त्यामुळे निर्दोष सुटायचीही सोय नव्हती.

त्याच संध्याकाळी गुलबारा माझ्या दारात आली होती. हातात एक नवी कोरी शाल. वस्तीतल्या सगळ्या मला एजे म्हणतात, म्हणजे थोरली बहीण.

"साल्किन एजे, ही तुम्ही ठेवा. अपाची तेवढी मला द्या. आठवण म्हणून."

"देईन की. धुऊन देते."

"नको," ती म्हणाली. "मीच धुते."

मुलीला आईची वस्तू हवीशी वाटणारच. पण रीतीनं मिळालेलं असं लगेच परत करायचं नसतं, म्हणून मी चाळिसावा होऊ दे म्हटलं. ती नवी शाल तशीच घेऊन परत गेली. तेव्हा मी अपाची शाल नाकाला लावलेली नव्हती.

३

आयजारकिन अंगणातला बर्फ लाकडी फावड्यानं ओढत होती. मला पाहून थांबली नाही.

"या, एजे. तुम्हीही तेच विचारायला आलात ना? बटण दाबलं का म्हणून?"

"नाही. त्या सकाळी गॅरेज उघडलंस तेव्हा काय पाहिलंस ते विचारायला आले."

तिनं फावडं उभं केलं. इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं.

"गॅरेज गार पडलं होतं. गल्लीकडचं मोठं दार अर्धं उघडं, उंबऱ्यात बर्फ उडून आलेला. मला वाटलं अपा उठून बाहेर गेली. मग काचेतून पाहिलं तर झोपलेली. दार उघडलं आणि ऊब तोंडावर आली. एजे, गाडी उबदार होती. मी घसा फुटेपर्यंत सांगितलं सगळ्यांना. गालाला हात लावला तर तोही कोमट. मी म्हटलं, अपा, चहा झालाय."

तिनं फावडं पुन्हा बर्फात खुपसलं.

"तुमचं पटत नव्हतं म्हणतात."

"रोज भांडायचो. चहा पातळ का, पोरीला टोपी का नाही, गाडी चिखलात का घातली." तिनं नाक पुसलं. "एकदा म्हणाली, तू गाडी बरी चालवतेस, घर नाही चालवत. मी म्हटलं, मग मी गाडीत राहते, तुम्ही घर चालवा. तर हसून हसून तिला खोकला लागला. आता म्हणतात पटत नव्हतं."

"त्या संध्याकाळी काय झालं?"

"गाडीचं चार्जिंग फारच उतरलं होतं. फार उतरलं की गाडी स्वतःहून ऊब बंद करते. मी म्हटलं, अपा, आज आमच्यात झोपा. ऐकेल तर अपा कसली. मग मी गुलबारा एजेंना फोन केला, की तुम्ही तरी समजवा. सापर-अकेंनाही केला. ते म्हणाले, म्हातारीच्या हट्टात मी पडत नाही."

"आणि गुलबारा?"

"म्हणाल्या, बघते."

"रात्री काही ऐकू आलं?"

"काय ऐकू येणार? पलीकडे सापर-अकेंचा जनरेटर रात्रभर बोंबलत होता. आणि आयपेरीला ताप. मी तिला घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते."

तिचा फोन सापर-अकेंनी पुरावा म्हणून काढून घेतला होता. गाडीची किल्लीही.

निघताना मी जुमा-अतांना सलाम करायला आत गेले. शेगडीच्या खोलीत त्यांचा पलंग गॅरेजच्या भिंतीला लागून. अर्धं तोंड वाकडं, शब्द जेमतेम. माझा हात धरून म्हणाले, "चिनी... बोलली."

"महिनाभर हेच चाललंय," आयजारकिन दारातून म्हणाली. "गाडीला शिव्या घालतात बिचारे."

मी वाकून विचारलं, "अता, त्या रात्री बोलली?"

त्यांनी डोळे मिटून उघडले.

"किती वेळा?"

चादरीवरचा त्यांचा चांगला हात हळूहळू वर आला. दोन बोटं उभी राहिली.

४

तिलेकचं दुकान कार बाजाराच्या मागे. एका गाडीच्या पोटाखालून तो बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "एजे, शेवटी तुम्हीही विजेची घेणार तर. घ्या, घ्या. गाढवापेक्षा कमी खाते आणि लाथ मारत नाही."

"मला बुरुलचा-अपाच्या गाडीबद्दल विचारायचंय."

त्याचं हसू गेलं. "गेली ना ती. माझ्याकडे यायची तेव्हा घरची भाकरी आणायची."

ह्या गाड्यांचं मूळ खातं उघडायला चिनी फोन नंबर लागतो. आमच्याकडे तो कुणाकडे असणार? म्हणून गाड्या आणणारे तिलेकसारखे लोक स्वतःच्या नावावर खातं ठेवतात आणि मालकाला वापरायला देतात. सोयीचं म्हणून सगळे चालवून घेतात. त्यामुळे वस्तीतल्या निम्म्या गाड्या कुठे आहेत आणि काय करताहेत हे तिलेकला बसल्या जागी दिसतं. ते मला ठाऊक होतं.

"तिलेक, ऊब केव्हा बंद झाली ते दिसेल?"

"कुणाचं खासगी दाखवायचं नसतं, एजे."

"खरं आहे. पण एका आईपासून तिची पोर काढून घेणार आहेत."

त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं. मग टेबलावरून दुसरा फोन उचलला, बोटानं सरकवत गेला.

"ऊब संध्याकाळी चालू केली. गाडीतूनच, फोनवरून नव्हे. आणि बंद..." तो थांबला. "बंद झालीच नाही. सकाळी गाडीचं दार उघडलं तोपर्यंत चालू. कोणत्याही फोनवरून कुणी हात लावलेला नाही. ना एरमेकनं, ना केलिननं."

मी मनात अल्लाहचे आभार मानले. आयजारकिन खरं बोलत होती. पण तिलेकचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. कपाळाला आठ्या घालून तो तेच तेच वरखाली करत होता.

"काय झालं?"

"त्या रात्री वस्तीत वीज नव्हती ना?"

"नव्हती. दिवस चांगला वर आल्यावर आली."

"संध्याकाळी गाडी रिकामी होत आलेली. रात्रभर ऊब चालू. म्हणजे सकाळपर्यंत ठणठणीत रिकामी व्हायला हवी." त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "आणि ही सकाळी निम्म्याला आलीय. एजे, वीज नसलेल्या गल्लीत ही गाडी रात्रभर चरली कुठे?"

५

मी पिशवीतून शाल काढून त्याच्या हातात दिली. त्यानं वास घेतला, आणि ज्याचं आयुष्य इंजिनांत गेलंय त्याला सांगायला काही उरलं नाही.

"जनरेटर," तो म्हणाला. "गॅरेजच्या आत." मग खाली बसला. "गाडी आतली हवा गरम करते ती बाहेरून ओढून, एजे. काचा लावल्या म्हणून काही होत नाही. बाहेर धूर असेल तर ती धूरच आत घेणार. गरम करून."

"केबल लावली की ती बाई बोलते. काढली की बोलते. हो ना?"

"हो. वीज आली तरच. मेलेल्या भिंतीत घातली तर नाही बोलत."

म्हणजे अता शिव्या घालत नव्हते. त्या रात्री कुणीतरी जिवंत विजेला गाडी जोडली, आणि उजाडताना काढून नेली. गल्लीकडचं मोठं दार अर्धं उघडं राहिलं ते त्यामुळे.

"जनरेटर तर वस्तीत पुष्कळांकडे आहेत," मी म्हणाले.

"आहेत. पण ही गाडी नखरेल आहे. जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, सापडली नाही तर छोट्या जनरेटरची वीज ती तोंडात घेत नाही. त्याला एक जोड करून लावावा लागतो. तो मी करून देतो." त्यानं मान वर केली नाही. "तुमच्या गल्लीत दोघांनाच दिलाय. सापर-अकेंना, त्यांच्या पोराच्या गाडीसाठी. आणि गुलबारा एजेंना. गेल्या शरदात आल्या होत्या. म्हणाल्या, आईच्या गाडीला कधी लागला तर."

सापर-अके मला कोंबड्यांच्या खोलीत भेटले. खोक्या-खोक्यांतून पिवळी पिल्लं चिवचिवत होती. एक पिल्लू त्यांच्या टोपीत बसलेलं.

"बोला, एजे. केलिनची बाजू घ्यायला आलात असं ऐकतो. तुम्ही बायकांना नमाज शिकवा, गाड्यांचं आम्ही पाहून घेतो."

"गाड्यांचं मला काय कळतंय, अके. पिल्लं छान आहेत. कधीची?"

"त्या रात्री अंड्यात होती." त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "वहिनी गेली त्या रात्री. उबवणीचं मशीन घटकाभर जरी बंद पडलं असतं, तर सगळी आतल्या आत मेली असती. मी इथेच बसून होतो, पहाटेपर्यंत. तिकडे वहिनी मरत होती आणि इकडे मी अंडी राखत होतो. आता बोला."

जनरेटर भिंतीपलीकडे सिमेंटमध्ये बोल्टनं पक्का बसवलेला होता. रात्रभर त्याचा आवाज माझ्या घरीही येत होता. एकाच जागेवरून, न थांबता. आणि ज्यांच्यासाठी तो चालू होता ती सगळी पिल्लं माझ्यासमोर दाणे टिपत होती.

"अके, ऊब कुणी बंद केली नव्हती. तिलेकनं पाहिलंय."

"तिलेक पोरगा आहे. त्याला केलिन दोन अश्रू दाखवील की तो काहीही पाहील." त्यांनी टोपीतलं पिल्लू काढून खोक्यात ठेवलं. "माझी वहिनी अशी सहज मरणारी बाई नव्हती, एजे. कुणीतरी मारलं आहे तिला."

हे ते खरोखरच मानत होते. त्यात लबाडी नव्हती, आणि दया तर अजिबात नव्हती.

बाहेर येऊन मी गल्लीत उभी राहिले. खालच्या टोकाला गुलबाराचं घर दिसत होतं. त्या घरी जाण्याआधी मी घरी गेले, हातपाय धुऊन वजू केली आणि जास्तीची नफल नमाज पढले. माझा अंदाज चुकावा म्हणून पहिल्यांदाच दुआ मागितली.

६

गुलबारा दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी टोमॅटो-काकडीची रोपं करते आणि वसंतात बाजारात विकते. घराला लागून तिची प्लॅस्टिकची लांब खोली, आत दिवे आणि विजेची ऊब. वीज गेली तर म्हणून तिच्याकडे छोटा लाल जनरेटर. गेली कित्येक वर्षं तिचं एक रोपसुद्धा गोठलं नव्हतं. ते तिचं अभिमानाचं बोलणं.

त्या दिवशी मी आत गेले तर फळ्यांवर ओळीनं पेट्या मांडलेल्या आणि प्रत्येक पेटीत काळे, लोळलेले देठ. एकही हिरवं पान नाही. तिनं ती उपटून टाकलीही नव्हती.

"बसा, एजे. चहा करते."

"आज रोजा आहे."

"हो, गुरुवारचा. तुमचा नेहमीचाच." ती माझ्यासमोर पालथ्या बादलीवर बसली. हातमोज्यांची बोटं ओढत राहिली.

"ही कधी गेली?"

"अपा गेली तेव्हा. लक्ष कुणाचं होतं?"

"अपा गेली हे कळलं सकाळी," मी म्हणाले. "वीज आली त्याच सकाळी. रोपं गोठली ती त्याच्या आधी, रात्री. तेव्हा तुझ्या घरी कुणीही मेलेलं नव्हतं, गुलबारा. तुझा जनरेटरही नीट होता. मग तो रोपांपाशी का नव्हता?"

प्लॅस्टिकवरून वितळलेलं पाणी थेंब थेंब गळत होतं. मी पिशवीतून शाल काढून आमच्या मधे ठेवली. तिनं ती उचलून तोंडाला लावली. बोलली ते शालीतूनच.

"केलिनचा फोन आला. चार्जिंग उतरलंय म्हणाली. मी बर्फाच्या घसरगाडीवर मशीन घालून नेलं. बाहेर ठेवलं असतं, पण वारा सुटला होता आणि गेल्या महिन्यात कुणाचं तरी चोरीला गेलेलं. म्हणून आत लावलं. गाडी बोलली, तशी अपा जागी झाली. काच खाली करून म्हणाली, अगं, तुझी रोपं? मी म्हटलं, रोपं पुन्हा लावता येतात. तर माझा हात ओढून गालाला लावला. म्हणाली, दार लाव बाई, गार येतंय."

"तू लावलंस."

"लावलं. वरची फटसुद्धा गोणपाटानं बुजवली." ती शालीतून वर आली. डोळे कोरडे होते. "मला धुराचं कळत नाही असं नाही, एजे. कोळशानं माणसं मरतात ते लहानपणापासून पाहतेय. पण ते गॅरेज म्हणजे विजेच्या गाडीचं गॅरेज. तिथे धुराची भीती नसते, हे इतकं अंगात मुरलंय की मी मशीन आत ठेवलं तेव्हाही डोक्यात आलं नाही. काचा बंद आहेत एवढंच पाहिलं. पहाटे पेट्रोल घालायला आले. दार उघडलं आणि कळलं."

"आणि तू मशीन घेऊन गेलीस."

"पाय आपोआप चालत होते. वाटलं, कुणीतरी पाहील आणि म्हणेल, हिनं मारलं. मग सापर-अके केलिनचं नाव घेऊन मोकळे झाले. मला काहीच बोलावं लागलं नाही."

"बोललीस की. पटत नव्हतं म्हणालीस."

तिनं मान वळवली.

"आयपेरीला ठेवून घेणार आहेत," मी म्हणाले. "पोर आईच्या पदराला धरून चालते अजून."

"ठाऊक आहे."

"मी सांगितलं तर तो एका बाईनं दुसरीवर घेतलेला आळ होईल. तिलेक पोरगा, अता वाचा गेलेले, आणि मी शेजारीण. सापर-अके सगळं हसण्यावारी नेतील. तू सांगितलंस तरच ते खरं ठरेल. तरी तू गप्प राहिलीस तर मी बोलणार आहे. हे मी अपासमोर बोलते आहे असं समज."

"एरमेक पुन्हा माझं तोंड पाहणार नाही," ती म्हणाली. "माझी मुलं मला काय म्हणतील?"

शाल तिच्याजवळच सोडून मी उठले.

७

चाळिसाव्याला अपाच्या घरी उभं राहायला जागा नव्हती. अंगणात कढई, आत जमिनीवर पसरलेल्या दस्तरखानावर तळलेल्या कणकेचे बोरसोक आणि लोण्याच्या वाट्या. मी कुराणातली सूरा म्हटली, सगळ्यांनी हात तोंडावरून फिरवले. आयजारकिनचा बाप दाराजवळ, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. दूरच्या खेड्यातून आलेला. कुणी त्याला वरच्या जागेवर बोलावलं नव्हतं. गुलबाराची जागा रिकामी होती.

जेवणं झाली. सापर-अके खाकरले.

"ज्या कामासाठी जमलोय ते संपवू. माणसाची अब्रू राखून बोलतो. आम्ही ठाण्यात गेलो नाही, जाणारही नाही. तुमची मुलगी तुम्ही न्या. आमच्या रक्ताचं ते आमच्याकडे राहील."

आयजारकिन भिंतीशी उभी होती, पोरीला कडेवर घेऊन. मी बोलायला उठणार एवढ्यात अंगणातून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बर्फ वितळून गेला होता. घसरगाडीची लोखंडी पट्टी सिमेंटवर करकरत होती.

गुलबारा दारात आली. मागे दोरीनं बांधलेला लाल जनरेटर.

"हे कशाला आणलंस इथे?" सापर-अके वैतागून म्हणाले.

"त्या रात्रीही मीच आणलं होतं." आवाज इतका साधा होता की पहिल्यांदा कुणाला काही उमगलंच नाही. "अपाच्या गाडीला मी जोडलं. गॅरेजचं दार मी लावलं. अपा थंडीनं मेली नाही. ह्याच्या धुरानं मेली, माझ्या हातून. पहाटे मी हे घेऊन गेले आणि तुम्ही केलिनला धरलंत तेव्हा गप्प बसले. उद्या ठाण्यात जाऊन हेच सांगणार आहे. एरमेकला सकाळी फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला."

कुणीतरी बाहेर कढईवर झाकण ठेवलं, तेवढाच आवाज. सापर-अकेंची चहाची वाटी हातात तशीच राहिली. त्यांनी पुतणीकडे पाहिलं, मग जनरेटरकडे, मग पुन्हा पुतणीकडे. म्हाताऱ्या माणसाचं तोंड असं डोळ्यादेखत पडताना मी पाहिलं नव्हतं. आतल्या खोलीतून जुमा-अतांचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसतं ओरडणं. मग तेही थांबलं.

सापर-अकेंनी खिशातून आयजारकिनचा फोन काढला आणि दस्तरखानावर तिच्याकडे सरकवला. गाडीची किल्लीही.

"केलिन," ते म्हणाले. पुढचं त्यांना जमेना. दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केलं. "राहा, पोरी. घर तुझंच आहे."

"अपा होती तोवर होतं," आयजारकिन म्हणाली. "महिन्याहून जास्त दिवस मी या घरात चहा करतेय. माझ्या हातचा चहा पिण्याआधी प्रत्येक जण वाटीत डोकावून पाहायचा. बाबा, माझं सामान बांधून ठेवलंय, पलीकडच्या खोलीत."

बाप उठला. पोरीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. काढायला तोंड कुणाला होतं?

आयजारकिननं फोन उचलला, किल्ली तिथेच राहू दिली. आयपेरीला उंबऱ्यावर बसवलं, अंगात जाड कोट घातला, टोपी घातली. बुटांपाशी आली तेव्हा गुलबारा तिथे गुडघे टेकून बसलेली होती. तिनं बुटांच्या नाड्यांना हात घातला.

आयजारकिननं पोरीचा पाय मागे ओढून घेतला.

दोघी तशाच. एक वाकलेली, एक बसलेली, कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. आयपेरीला यातलं काही कळत नव्हतं. तिला बाहेर जायचं होतं. तिनं पाय हलवला आणि आत्याच्या मांडीवर नेऊन ठेवला. आयजारकिननं या वेळी तो ओढला नाही. गुलबारानं एक नाडी बांधली, मग दुसरी. गाठ दोनदा सुटली. ती पुरी होईपर्यंत आयजारकिन उभी राहिली, आणि मग पोरीला उचलून बापाच्या मागोमाग निघून गेली.